जोडाशेजारच्या घड्या

ताईने वाइसच्या लोखंडी पकडीचा दांडा आणखी थोडा आवळला, तेलाच्या फिल्टरचा करडा डबा हलत नाही याची खात्री केली आणि कटरचे चाक त्याच्या कडेवर टेकवले. पत्र्याने आधी कुरकुर केली, मग मुकाट्याने चीर दिली. तिला घाई नव्हती. एक फेरी झाली की चाक किंचित आवळायचे, पुन्हा फेरी, पुन्हा किंचित. करवतीने हेच काम चुटकीसरशी झाले असते. पण करवतीचा कीस डब्यात पडतो, आणि मग आत सापडलेला लोखंडाचा कण डब्यातला की करवतीचा, हे सांगता येत नाही.

"मॅडम, एवढ्या वेळात मी एक इंजिन उतरवून चहा पिऊन आलो असतो," फोरमन म्हणाला.

"चहा पिऊनच आला आहात. मिशीला लागलाय."

फोरमनने मिशी पुसली आणि स्टूल ओढून तिच्या समोर बसला. तपासणीच्या त्या खोलीत एक लांब टेबल, एक तराजू, एक भिंग आणि एक मोठी खिडकी होती. खिडकीपलीकडे कंपनीच्या टॅक्स्या रांगेने उभ्या असत. त्यांतल्या काही गाड्या हल्ली सकाळी सुरू होताना खडखडत. इंजिनाच्या घशाला कोरड पडल्यासारखा तो आवाज असे. गाडी रात्रभर उभी राहिली की फिल्टरमधले तेल खाली उतरून जात होते, कारण ते धरून ठेवणारी आतली रबरी झडप लाकडासारखी कडक झालेली होती. साहेबांनी जुना फिल्टर बंद करायचे ठरवले. चार कारखान्यांकडून नमुने मागवून सगळ्या टॅक्स्यांना कोणता बसवायचा ते तपासून सांगायचे काम ताईला दिले.

त्या चारांतला एक कारखाना तिच्या धाकट्या भावाचा होता.

हे कळल्यावर ती तडक साहेबांकडे गेली होती. "त्यातला एक माझ्या भावाचा आहे. मला यातून वगळा."

साहेबांनी मान वर न करता विचारले, "तुम्हाला वगळलं तर डबे कोण कापणार? मी?" मग थोडा वेळ टेबलावर बोटे वाजवून म्हणाले, "सगळ्यांना एकच रंग फासा. मग कुणाचा कोणता ते कुणालाच कळायला नको."

तेव्हा फोरमनने चारही मेकचे डबे गाड्यांच्या करड्या प्रायमरमध्ये बुचकळून काढले होते, बुडावरच्या शिक्क्यांवर चिकटपट्टी लावली होती आणि खडूने क, ख, ग, घ अशी अक्षरे घातली होती. कुठले अक्षर कुणाचे हे फक्त त्याला ठाऊक होते, आणि ते गुपित पोटात ठेवताना त्याचे पोट दुखत असावे असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसे.

भावाने मात्र तिच्याकडे काही मागितले नव्हते. फक्त एकदा फोनवर म्हणाला होता, "ताई, माझा नापास झाला तर निदान का झाला, तेवढं सांग."

"तेसुद्धा सांगता येणार नाही."

"मग काय सांगता येईल?"

"सांगता काही येणार नाही. जेवलास का, एवढं विचारता येईल."

तो हसला होता. पण कारखान्याच्या शेडसाठी त्याने सुखाची नोकरी सोडली होती, आणि पहिली मोठी मागणी मिळाली नाही तर शेडचे दार फार दिवस उघडे राहणार नाही, हे दोघांनाही माहीत होते. म्हणून ते हसणे लवकर आटोपले होते.

दाबाच्या आणि गाळणीच्या चाचण्या आधीच झाल्या होत्या. आता राहिली होती आतली बांधणी. क आणि ख कापून टेबलावर मांडून झाले होते. क जुना ओळखीचा वाटावा असा होता. कागदाच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची टोपणे, मधली नळी बेताची, गोंद कुठे जास्त कुठे कमी. ख भारदस्त होता. पत्रा जाड, स्प्रिंग दणकट, कागद देखणा. हातात घेतल्यावर वजनानेच विश्वास वाटावा असा. आता वाइसमध्ये ग होता. डबा सुटला तेव्हा आतल्या कागदाच्या घड्या एका बाजूला गर्दी करून उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मोकळे मैदान पडले होते.

"वर्गातली पोरं," फोरमन म्हणाला. "सगळी खिडकीजवळ."

"तेल याच मोकळ्या बाजूने जाणार. गर्दीतला कागद नुसता बसून राहणार."

"म्हणजे पोरंच."

ताई हसली. तिने ग बाजूला ठेवला आणि घ वाइसमध्ये चढवला.

घचा पत्रा बाकीच्यांपेक्षा जरा पातळ होता. कटरला ते लगेच जाणवले. पण झडप मऊ होती. बोटाने दुमडली की हूं की चूं न करता पुन्हा जागेवर येत होती. टोपणे धातूची होती आणि गोंद सगळीकडून सारखा बसला होता. तिने कागदाची गुंडाळी उचलून खिडकीकडे धरली. घड्या एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर, ओळीने, कुठे धक्काबुक्की नाही की कुठे रिकामी जागा नाही. तिने गुंडाळी सावकाश फिरवली. मग कागदाची दोन टोके जिथे जोडलेली होती तिथे तिचा हात थांबला.

जोड आतल्या बाजूला वळवून लपवलेला होता. आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या घड्या बाकीच्या घड्यांपेक्षा थोड्या जवळ होत्या. दोघी जोडाला टेकून उभ्या असाव्यात तशा.

तिने भिंग उचलले, पण भिंगाची गरज नव्हती.

तिची आई शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी यंत्र लावून. मुलींच्या स्कर्टच्या घड्या ही आईची खासियत होती. गावातली निम्मी शाळा तिच्या घड्या घालून फिरते, असे ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. कापडाची दोन टोके जिथे जोडायची तो जोड ती आत घ्यायची आणि शेजारच्या दोन घड्या त्याला मुद्दाम जवळ आणायची. "जोड बिचारा एकटा पडतो," ती म्हणायची. "मुलगी पळाली की पहिल्यांदा तोच उसवतो. शेजारणींनी धरून ठेवायला हवं." ताई आणि धाकटा यंत्राच्या आजूबाजूला घोटाळत, आणि आई मान वर न करता ओरडे, "उजेड अडवू नका रे!"

ताईने असे स्कर्ट घालून सगळी शाळा काढली होती. ती घडी तिने रोज सकाळी इस्त्रीखाली घातली होती.

"काय झालं मॅडम? भूत बघितलं?"

तिने गुंडाळी खाली ठेवली. पेन्सिलही खाली ठेवली. "घ कुणाचा आहे ते मला कळलंय."

फोरमनचा चेहरा पडला. "शक्यच नाही. मी स्वतः रंग दिलाय. दोन हात!"

"रंग बाहेरून दिलात. मी आतून ओळखला." मग ती जरा थांबून म्हणाली, "पुढचे गुण तुम्ही घाला. मी फक्त मोजून आकडे सांगेन."

"बरं. पण यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? घड्या तर एक नंबर आहेत. बघा की, कंगव्याने भांग पाडलाय."

तिला तोंड पाडावेसे वाटत होते ते त्याचमुळे. धाकट्याला ती लहानपणापासून ओळखत होती. नवी वही आली की त्याचे पहिले पान मोत्यांसारख्या अक्षरांचे असे. दुसऱ्या पानावर अक्षरे जरा कलंडत, आणि चौथ्या पानापासून कोंबडी शाईत पाय बुडवून फिरून गेल्यासारखे दिसे. मन लावून सुरू केलेल्या कितीतरी गोष्टी त्याने पहिल्या पानावर सोडल्या होत्या. आता नमुना पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने आईला टेबलाशी बसवले असणार. "आई, एवढे दोन-चार तू कर, तुझ्यासारखे." आणि आईने मोठ्या हौसेने केले असणार. त्यात लबाडी आहे हे तिच्या मनातही आले नसणार. मुलाच्या वहीला ती कव्हर घालून द्यायची, तसेच हे.

"हे नमुने आपण आणले कुठून?" तिने विचारले.

"आणले कुठून म्हणजे? ज्याचे त्याने पाठवले."

"आणि पत्रात तसं लिहिलं होतं कुणी?"

फोरमन तिच्याकडे बघत राहिला. "तुम्हीच."

ताईने कपाळाला हात लावला. सगळे आयुष्य तिने मोजण्यात घालवले होते, आणि या वेळी मोजायची वस्तूच तिने समोरच्याला निवडून पाठवायला सांगितली होती. परीक्षेचा पेपर मुलांना घरी लिहून आणायला सांगावा तसे.

"चारही पुन्हा आणायचे," ती म्हणाली. "दुकानातून. विकत. कुणाला न सांगता."

"पुन्हा रंग?" फोरमनने कण्हत विचारले.

"रंग नको. आता उपयोग नाही."

*

सुट्या भागांच्या दुकानांची ती गल्ली अरुंद होती आणि दुकाने तिच्याहून अरुंद. ताईने तीन दुकानांतून तीन मेक घेतले आणि चौथ्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. दुकानदार स्टुलावर बसून बेअरिंगचे खोके चाचपत होता. तिने भावाच्या फिल्टरचे नाव सांगितले. दुकानदाराने समोरच्याच फळीवरचा एक काढून काउंटरवर ठेवला.

"हा नको. मागचा द्या. सगळ्यात जुना."

"जुना?"

"ज्याच्यावर सगळ्यात जास्त धूळ आहे तो."

दुकानदाराने तिला नीट न्याहाळले. "बाई, इतकी वर्षं दुकान चालवतोय. लोक ताजा माल मागतात. धूळ मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"धुळीचे वेगळे पैसे लावू नका म्हणजे झालं."

"छे छे, धूळ आमच्यातर्फे." तो शिडीवर चढला, वरच्या फळीच्या कोपऱ्यात हात घालून एक डबा काढला आणि फुंकर मारून खाली दिला. "पहिल्या खेपेतला आहे हा. पोरगा स्वतः पिशवीतून घेऊन आला होता. चार ठेवून घ्या म्हणाला. चेहरा असा केला होता की नाही म्हणवेना." तो शिडीवरच थांबला. "पण एक सांगतो, त्याचा डबा घेऊन कुणी परत भांडायला येत नाही. बाकीच्यांचे येतात."

ताईने डबा पिशवीत टाकला. दुकानदाराचे म्हणणे तिला बरे वाटले, आणि लगेच त्या बरे वाटण्याचाच तिला राग आला. अजून काही सिद्ध झालेले नव्हते.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे आई होती.

"रविवारी येणार आहेस की नाही? तो विचारतोय. म्हणजे विचारत नाहीये, पण तोंडाकडे बघून कळतं."

"बघते गं. काम आहे."

"काम मलाही आहे. मला हल्ली दुपारचा डोळासुद्धा लावायला मिळत नाही."

"कसलं काम?"

"सगळं तुला सांगायला हवं का? तू तरी काही सांगतेस मला, डब्यांचं?" आई खुशीत होती. "बरं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव माझ्यासाठी. सुईत दोरा ओवायचा तर मला आता भिंतीवरच्या घड्याळाएवढी सुई लागेल."

ताईने वेळ घ्यायचे कबूल केले. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पिशवीतल्या चार डब्यांकडे बघत बसली. आईला कसले काम आहे, हे तिला विचारायची गरज वाटली नाही.

*

दुसऱ्या दिवशी फोरमनने स्वतःहून कटर हातात घेतला. पहिला निघाला तो ख. वजनदार, देखणा ख. डबा सुटला आणि फोरमनने शीळ घातली. नमुन्यात ओळीने उभ्या असलेल्या घड्या इथे मधोमध फाकल्या होत्या, समोरचे दोन दात पडलेल्या माणसासारख्या.

"फोटोतला वेगळा आणि समोरचा वेगळा," तो म्हणाला.

क होता तसाच होता. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती. गमध्ये पोरे या वेळी दुसऱ्या खिडकीशी जमली होती. मग फोरमनने धुळकट डबा वाइसमध्ये चढवला. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर एक ड्रायव्हर टॅक्सीची काच पुसत होता, आतून पुसली की बाहेरून डाग दिसे, बाहेरून पुसली की आतून. ती त्याच्याकडे लक्ष देऊन बघत राहिली.

कटरची कुरकुर थांबली.

"मॅडम," फोरमन म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "इकडे या."

घड्या सारख्या होत्या. नमुन्याइतक्या देखण्या नाहीत, एखादी जराशी कललेली, पण अंतर धरून. आणि जोड आत वळवलेला होता, आणि शेजारच्या दोघी त्याला टेकून उभ्या होत्या. थोड्या जास्तच टेकून.

ताईने हात पुढे केला आणि गुंडाळी घेतली. धूळ खात पडलेला, पहिल्या खेपेतला, कुणी तपासेल असे स्वप्नातही नसलेला डबा. तिने एक श्वास सोडला, जो बहुधा आदल्या दिवसापासून आत होता. नमुना खास बनवलेला नव्हता. सगळेच तसे होते.

तिने आकडे सांगितले, फोरमनने गुण घातले आणि दोघांनी ते साहेबांपुढे ठेवले. घ वरचा ठरला होता; पत्रा पातळ होता, पण चालण्यासारखा.

साहेबांनी कापलेली गुंडाळी हातात घेऊन फिरवली. "हे हाताचं काम आहे."

"हो," ताई म्हणाली.

"कुणाच्या हाताचं?"

ताईने जोडाकडे बोट दाखवले. "माझ्या आईच्या असं वाटतंय मला."

साहेबांनी चष्मा काढला. "वय काय आईंचं?"

"सत्तरीच्या पुढे."

"आपल्या गाड्या माहीत आहेत ना किती आहेत?" त्यांनी गुंडाळी जपून टेबलावर ठेवली. "एका माणसाच्या हातावर मी एवढ्या इंजिनांची जोखीम टाकू शकत नाही. उद्या त्या आजारी पडल्या तर? जाऊन बघून या दोघं. कोण करतं, किती करतं. ठरवायचं फोरमनने."

शेडकडे जाताना गाडीत एका वळणावर फोरमन म्हणाला, "आईंचाच हात असेल तर अवघड आहे, मॅडम."

"माहीत आहे."

"तुम्ही सांगितलंच नसतं तर?"

"तर तुम्ही मला विचारलं असतंत, आणि मी सांगितलं असतं."

"हो, तेही आहे," फोरमनने कबूल केले आणि गियर बदलला.

गंमत अशी की ताईचे मन जड नव्हते. धाकट्याने फसवले नव्हते, एवढ्यावरच ते पिसासारखे झाले होते. मागणी मिळाली नाही तर ती त्याच्याजवळ बसेल, पुढचे काही सुचवेल. फसवले असते तर काय केले असते, ते तिला कालपासून सुचत नव्हते.

*

शेडचे दार उघडे होते. आत गोंद भाजण्याच्या भट्टीची ऊब आणि कोऱ्या कागदाचा वास भरून राहिला होता. मोठ्या खिडकीखाली लांब टेबल होते. त्याच्या या टोकाला दोन बायका कामात गढलेल्या होत्या, त्या टोकाला पाठमोरा धाकटा, आणि मधे उंच खुर्चीवर आई, एखाद्या क्रिकेटच्या पंचासारखी.

"तू?" आई म्हणाली. "फोन नाही, काही नाही! आणि हे कोण?"

"आमचे फोरमन."

"या, बसा. डब्यांना रंग फासणार असं पत्रात होतं, तो तुम्हीच फासलात का?"

"नाइलाज होता, आजी," फोरमन म्हणाला.

"चांगला बसलेला दिसत नाही रंग. आतून ओळखू आला."

"तुला कुणी सांगितलं?" ताईने दचकून विचारले.

"कुणी नाही. तुझ्या तोंडाकडे बघून सांगितलं." आई मनमुराद हसली.

धाकटा उठून आला होता. त्याने हात पुसायला फडके शोधले, ते खांद्यावरच होते. ताईकडे बघायचे की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते, म्हणून तो फोरमनकडे बघत राहिला. "या ना. भट्टी दाखवतो. आधी भट्टी बघता की कागद?"

"आधी भट्टी," फोरमन म्हणाला आणि त्याच्याबरोबर गेला.

ताई आईजवळ उभी राहिली. टेबलावरच्या तयार गुंडाळ्यांतली एक आईने उचलली, नजर दाराबाहेर कुठेतरी ठेवून तिच्यावरून गोल बोट फिरवले आणि उजवीकडच्या खोक्यात ठेवली. दुसरी उचलली, बोट फिरवले, आणि न बघताच पायाशी असलेल्या टोपलीत भिरकावली. टोकाची बाई "अहो आजी!" म्हणाली.

"आजी काय? तिसऱ्या घडीपाशी कुठे पळून गेली होतीस?"

"आई," ताईने हळूच विचारले, "तू दिवसाला किती करतेस?"

"किती काय?"

"हेच. घड्या सारख्या करायच्या, जोड घ्यायचा."

आईने मान वळवून तिच्याकडे बघितले. तिच्या चष्म्याच्या भिंगांमागे डोळे मोठे आणि जरा धुरकट दिसत होते. "मी?"

ताईने पिशवीतून धुळकट डब्यातली गुंडाळी काढली आणि आईच्या हातात ठेवली. "दुकानात सापडला. पहिल्या खेपेतला. हा जोड बघ. मी तर बघताक्षणी ओळखला."

आईने तो बघितला नाही. तिने बोट फिरवले, जोडापाशी आल्यावर थांबली, मागे गेली, पुन्हा आली. तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"अगं, हा त्याचा," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"त्याचाच. अगदी सुरुवातीचा. हे बघ, जोडापाशी कसा घाबरलाय. शेजारणींना नुसतं जवळ आणायचं, तर यानं चिकटवूनच टाकलंय. मी एवढी घाबरट घडी घालीन का कधी?" तिने गुंडाळी परत केली नाही, मांडीवर ठेवून तिच्यावर तळवा ठेवला. "माझ्या डोळ्यांना जोड दिसतो कुठे आता? मी एकही केलेला नाही. नुसतं बसून शिकवलं. रोज जेवण झालं की यायचा वही-पेन घेतल्यासारखा कागद घेऊन. पन्नासदा उसवायला लावलं मी, पण उठला नाही हो. या दोघींना त्यानंच तयार केलं. अजून दोघी शिकताहेत. मी पास केल्याशिवाय टेबलाशी बसायचं नाही, एवढीच माझी नोकरी."

ताईने टेबलाच्या कडेला हात टेकला.

भट्टीकडून दोघे परत आले. फोरमन टेबलाशी थांबला, दोन्ही बायकांचे हात बराच वेळ बघत राहिला, मग खोक्यातल्या दोन-तीन गुंडाळ्या उचलून खिडकीकडे धरल्या. त्याने त्या एकमेकींशेजारी ठेवल्या, जागा बदलल्या, पुन्हा बघितल्या.

"यातली कुणाची कुठली?" त्याने विचारले.

"ते आम्हालाही कळत नाही आता," धाकटा म्हणाला. "आईलाच कळतं."

"बोटाला कळतं," आईने दुरुस्त केले.

फोरमनने खिशातले पेन काढले, उगाच उघडले आणि मिटून पुन्हा खिशाला लावले. "डब्याचा पत्रा तेवढा जाड घ्या," तो म्हणाला. "बाकी माझं काही म्हणणं नाही. साहेबांना मी सांगतो."

धाकटा उभाच राहिला. मग त्याने ताईकडे बघितले, लहानपणी वही पुढे करून बघायचा तसे.

ताई त्याच्याजवळ गेली. त्याच्या खांद्यावरचे फडके तिने सरळ केले.

"जेवलास का?" तिने विचारले.

त्याचे हसू आधी डोळ्यांत आले आणि मग सगळीकडे पसरले. "नाही अजून. एवढं हातातलं संपवतो." तो वळला, आपल्या जागेवर जाऊन बसला आणि अर्धवट राहिलेली गुंडाळी त्याने पुढे ओढली. जिभेचे टोक दातांत धरले. पहिल्या पानावर धरायचा तसेच.

ताई त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. दोन टोके एकमेकांजवळ आली, जोड आत वळला. त्याची बोटे थांबली नाहीत. शेजारची एक घडी जवळ आली, मग दुसरी. चिकटल्या नाहीत, नुसत्या टेकल्या. तिला नीट दिसावे म्हणून ती आणखी पुढे वाकली.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "उजेड अडवू नकोस."

ती बाजूला सरकली.